तक्त्यातली सातवी ओळ

आमच्या कर्जतच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखालच्या कपाटात एक जाडजूड काळं पुस्तक आहे. वर सोनेरी अक्षरं. पाहुणे आले, चहा झाला, की बायको ते काढते आणि टीपॉयवर ठेवते. ठेवताना आवाज व्हावा एवढं त्याला वजन आहे. "ह्यांची पीएचडी," म्हणते. पाहुणे पुस्तक हातात घेतात, भाजीवाल्याकडं भोपळा बघावा तसं खालीवर करतात, पहिलं पान उघडतात, आतलं इंग्रजी बघून मिटतात. आजवर कुणी पाचव्या प्रकरणापर्यंत पोहोचलेलं नाही. तरी ते पुस्तक कपाटात परत जाईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

पाचव्या प्रकरणात एक तक्ता आहे. तो तक्ता माझ्याखेरीज बारकाईनं बघितलेलं माणूस जगात एकच, आणि तिला वाचता येत नाही. ती माझी थोरली काकी.

मी खालापूरकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. वीसेक वर्षं शिकवून झाल्यावर कॉलेजनं सांगितलं, पीएचडी नसेल तर पुढचं पद विसरा. मग काय, मुलगी बारावीला आणि बाप पीएचडीला. दोघं एकाच टेबलावर अभ्यासाला बसायचो. तिचा अभ्यास लवकर व्हायचा, कारण तिला बसल्या बसल्या डुलकी लागत नसे.

माझा विषय होता व्याकरणावर चालणारी उत्क्रांती. नाव ऐकून आमच्या गावातल्या एकानं विचारलं होतं, "म्हंजे मराठीचा मास्तर झालास का?" बायकोला मी तो विषय असा समजावला होता. समज, आज जेवायला काय करायचं याचा एक नियम आपल्याला हवाय. मशीनला दोन गोष्टी द्यायच्या. एक म्हणजे शब्दांची यादी: भात, भाकरी, डाळ, सुकट, पाहुणे, सोमवार. दुसरी म्हणजे ते शब्द जोडायची चौकट: जर अमुक असेल तर तमुक, नाहीतर ढमुक. हे झालं व्याकरण. मग मशीन डोळे मिटून शंभर वाक्यं बनवतं. बहुतेक वेडी असतात. 'जर सोमवार असेल तर सुकट.' 'जर डाळ असेल तर पाहुणे.' प्रत्येक वाक्य चालवून बघायचं आणि गुण द्यायचे. नापास झालेली टाकायची, बऱ्या वाक्यांची आपापसात लग्नं लावायची. पोराचं डोकं बापाचं, पाय आईचे. मधूनच एखादा शब्द आपला आपण बदलतो, जसं एखाद्याच घरात अचानक निळ्या डोळ्यांचं पोर होतं. त्या पोरांची पुन्हा लग्नं. अशा शेकडो पिढ्या गेल्या की शेवटी असा नियम निघतो जो कुणा माणसाला सुचला नसता.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आणि गुण कोण देतं?"

"आपण."

"आणि शब्द?"

"तेही आपणच."

"मग यादीत चिकन घालायचं तुम्ही विसरलात तर?"

"तर मशीनला चिकन सुचणार नाही."

"कितीही लग्नं लावली तरी?"

"कितीही लावली तरी."

"मग शहाणं कशाला म्हणायचं त्याला?" असं म्हणून ती कुकर लावायला उठली. पुढं माझ्या तोंडी परीक्षेला तीन विद्वान आले होते. त्यांच्यातल्या एकालाही हा प्रश्न पडला नाही, हे माझं नशीब म्हणायचं की काय ते अजून ठरवता आलेलं नाही.

चार प्रकरणं झाली. मार्गदर्शक म्हणाले, "हे सगळं कागदावर झालं. आता खऱ्या जगातला एक उपयोग दाखवा." जगात लोकांनी या पद्धतीनं कारखान्यातली कामं लावली आहेत, विजेची मागणी ताडली आहे. माझ्या हाताशी कारखाना नव्हता. माझ्या हाताशी होती आमची भावकी.

आमचं गाव कशेळ्याच्या पुढं, मुरबाड रस्त्यावरून आत. भावकीची सात घरं. आता बहुतेक घरांतली माणसं नोकरीला आहेत, खोपोलीच्या कारखान्यांत, कर्जतला, कुणी त्याहून लांब. पण भाताची लावणी अजून सावडीनं होते. म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझ्या शेतात लावायचं, उद्या माझ्या. मजूर मिळत नाहीत, म्हणून सावड टिकली आहे; प्रेमानं टिकली असं म्हणायला मला आवडलं असतं. कुणाचं शेत कोणत्या दिवशी यावरून दर वर्षी कटकट. एकाची शिफ्ट बदलते, दुसऱ्याची रजा नामंजूर होते. खोपोलीला कारखान्यात असलेला माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो मला वैतागून म्हणाला होता, "तू एवडं कॉम्प्युटर शिकवतोस, एक टायमटेबल नाय बनवू शकत?"

त्याच वाक्यात मला माझं पाचवं प्रकरण दिसलं.

सात घरांत एकच गोष्ट ठरलेली असायची. पहिला दिवस काकीच्या खाचराचा. नारळ तिथं फुटायचा. काकी सत्तरीच्या पुढची, काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुली लग्न होऊन कळंबकडं दिलेल्या. तिचं एकच खाचर, तेही सगळ्यांत खालचं, ओहोळाच्या कडेला. त्यात ती घरचं जुनं तांबडं भात लावते. ते बी दुकानात मिळत नाही. आमच्या बाकी सहाही घरांना दसऱ्याला त्या भाताचे नवे तांदूळ पायलीभर जातात, काकीच्याच हातून. ते खाचर एखाद्या वर्षी गेलं, तर ते बीही गेलं. हे मला तेव्हाही माहीत होतं. ज्याला माहीत नव्हतं त्याला माफ करता येतं.

तिचं शेत पहिलं का, असं मी विचारलंच नाही. मला वाटायचं, थोरलेपणाचा मान. मी वहीत लिहिलं: 'परंपरा.' आणि मशीनमध्ये परंपरा घालायची नाही, असं मोठ्या बाण्यानं ठरवलं. सगळ्यांना एक न्याय.

मे महिन्यात दर रविवारी मी स्कूटरवरून गावी जाऊन घरोघरी माहिती घेतली. काकी ओटीवर वाल सोलत होती. मी वही काढली.

"काकी, तुझं खाचर लावायला माणसं किती लागतात?"

"येतील तेवडी."

"तसं नको. आकडा सांग."

"धा धर."

"रोपं किती दिवसांची झाली की लावायची?"

"दिवस काय मोजायचे रं? बांदाकडंला बेडकांची अंडी तरंगाय लागली ना, की समजायचं, पाणी आता उतरत नाय. तितनं पुढं दोन रोज हातात. त्यात झालं तर झालं."

मला हसू आलं. "काकी, मशीनमध्ये बेडूक कसा घालू मी?"

"तू शिकलेला. तूच बग," ती म्हणाली आणि वालाची साल माझ्या वहीवर पडली ती तिनं फुंकून उडवली.

वहीच्या समासात मी 'बेडूक' लिहिलं आणि पुढं दोन उद्गारचिन्हं काढली. सोमवारी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तो किस्सा काकीच्या आवाजात करून दाखवला. खूप हसले सगळे. पुढचे कितीतरी दिवस एक सहकारी मला भेटला की आधी "डराव" करायचा आणि मग नमस्कार. मीही हसायचो. आता ते आठवलं की जिन्यात, रिक्षात, कुठंही, माझ्या तोंडून आपोआप "छ्या" असं निघतं. बायको विचारते काय झालं. मी म्हणतो काही नाही.

यादीत मी शब्द घातले ते असे: घरातली माणसं, शेताचा आकार, रोपांचं वय, कुणाची रजा कधी, रस्त्यापासूनचं अंतर. गुण द्यायचे ते लावणी किती दिवसांत उरकली आणि किती रजा वाया गेल्या यावर. पाणी कुठं साचतं, याला माझ्या यादीत शब्द नव्हता. कितीही लग्नं लावली तरी.

मशीननं नियम काढला. साध्या भाषेत सांगायचं तर: ज्या घरात रजेची अडचण जास्त, ते आधी, ज्याला रजा घ्यावीच लागत नाही, ते शेवटी. मागच्या वर्षांच्या माहितीवर चालवून बघितला तर दोन दिवस वाचत होते. मी खुर्चीतून उठलो, मुलीला उठवून मिठी मारली. ती म्हणाली, "पप्पा, माझी उद्या परीक्षा आहे."

जूनमध्ये देवळाच्या मंडपात सगळे जमले. मी कागद छापून आणला होता, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. मशीनला नातं कळत नाही, असं आधी सांगून तो वाचला. पहिलं घर आमचं.

दादा हसायला लागला. "मशिनला नातं कळत नाय म्हणलास ना? तुला बरं वळखलं त्यानं!"

सगळा मंडप हसला. मी समजावलं की माझ्या कॉलेजच्या रजेचे नियम सगळ्यांत कडक, म्हणून. ते खरंही होतं. खरं असूनही ते तोंडातून निघताना खोट्यासारखं वाजलं. पुढं वाचत गेलो. सातवं घर काकीचं.

हसणं थांबलं. दादानं विचारलं, "काकीचं शेवटला?"

"तिला कुठं रजा काढावी लागते?" मी म्हणालो. "ती गावातच असते. तिचं कधीही चालेल."

सगळ्यांनी खांबाशी बसलेल्या काकीकडं बघितलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "माजं काय रं," ती म्हणाली, "एक तर खाचर. शेवटला तर शेवटला."

मी त्याला होकार समजलो. वहीत 'सर्वांची संमती' असं लिहिलं. आपलं आधी लावा म्हणून काकी कशी मागेल? मागितलं असतं तर म्हातारीला मान सुटत नाही असं म्हणणारे निघाले असते. कदाचित मीच निघालो असतो.

पाऊस चांगला झाला, राबात पेरलेली रोपं तरारली, आणि जुलैत लावणी लागली. नारळ आमच्या शेतात फुटला. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो आणि दुसऱ्याच ओळीला चिखलात बसलो. बसलो म्हणजे आपटलो. बायकांनी त्यावर तिथल्या तिथं गाणं केलं. काकी माझ्या शेजारून वाकून मागं मागं सरत लावत होती. मी एक रोप नीट खोचेपर्यंत तिची हातभर ओळ झालेली असायची. "मास्तर, रोप हाय ते, खिळा नाय," म्हणाली. तिसऱ्या घरापर्यंत सगळं यादीप्रमाणं झालं. दादानं माझ्या पाठीवर ओल्या चिखलाचा पंजा मारून सांगितलं, "जमलं रं तुला." तो शर्ट बायकोनं दोनदा धुतला. मला तो डाग ठेवायचा होता, इतका मी खूश होतो.

चौथ्या दिवशीचं शेत खालच्या अंगाला होतं. दुपारी सगळे जेवायला बसले आणि मी हात धुवायला ओहोळाकडं गेलो. वाटेत काकीच्या खाचराचा बांध. त्या बांधाच्या कडेला, पाण्यावर, साबुदाण्याच्या खिरीसारखं काहीतरी तरंगत होतं. मधेमधे काळे ठिपके.

मी बघत उभा राहिलो. मागं काकी कधी आली ते कळलं नाही.

"दिसली का रं?" ती म्हणाली.

"हो."

"मग?"

एवढंच. एक शब्द. ती माझ्याकडं बघतही नव्हती, पाण्याकडं बघत होती.

उद्याचं आणि काकीचं घर अदलाबदल करायचं, म्हणजे ओरडून दादाला सांगायचं, एवढंच काम होतं. उद्या ज्याचं होतं तो काही बोलला नसता. पण मधेच क्रम बदलला की प्रयोग मोडतो. नियमानं लावणी झाली असं मग लिहिता येत नाही. वाचलेले दोन दिवस जातात. वर्षभराचं काम जातं. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, मला वाटतं, एका श्वासात.

"काकी, दोनच घरं राहिलीत मधे," मी म्हणालो. "मग तुझंच."

"बरं," ती म्हणाली. आणि पुढं होऊन ओहोळावर भाकरीचे हात धुतले.

मला पाणी साचलेलं समजलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. समजलं होतं. शब्द नव्हता तो मशीनच्या यादीत. मला तो शब्द काकीनं मेमध्येच दिला होता, आणि चौथ्या दिवशी तो माझ्या पायाशी तरंगत होता.

पाचव्या दिवशी पाऊस धरला तो सुटलाच नाही. सहाव्या दिवशीही आम्ही इरली आणि प्लॅस्टिकं घेऊन लावलं, आणि काकी सहाव्या घराच्याही चिखलात सगळ्यांच्या आधी उतरली. सहा दिवस सहा घरं. सातव्या दिवशी आम्ही तिच्या खाचरावर गेलो, तर बांध कुठं संपतो आणि ओहोळ कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. पाणी मांडीला लागलं. सगळे उतरले आणि लावायला लागले. लावलं म्हणजे काय, हात कोपरापर्यंत बुडवून रोपं अंदाजानं खुपसली. दादा एकदाच म्हणाला, "ऱ्हाईल बहुतेक."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी रोपं ओहोळाकडच्या कोपऱ्यात गोळा होऊन तरंगत होती. हिरवी गादीच. काकी टोपली घेऊन ती काढत होती. मी मदतीला उतरलो, तर म्हणाली, "तुज्या कॉलेजला उशीर व्हईल." त्यातली धड होती ती तिनं घरामागं परसात, भांडी घासायच्या दगडापलीकडच्या ओल्या तुकड्यात लावली. आमच्या फ्लॅटच्या हॉलएवढा तुकडा. ते तांबडं भात त्या वर्षी तिथंच झालं, फक्त बियाण्यापुरतं. दसऱ्याला सहाही घरांना तांदूळ मात्र गेले, मागच्या वर्षीच्या साठ्यातले. पायलीभर नव्हते, वाटीभर होते, पण माझ्या घरीही वाटीभरच होते, कमी नव्हते. कमी असते तर मला बरं वाटलं असतं.

नंतर मी घरी बसून यादीत एक शब्द वाढवला: पाण्याची खोली. मशीन पुन्हा चालवलं. थोड्याच पिढ्यांत नियम आला. सगळ्यांत खालचं खाचर पहिलं, मग चढत वर. म्हणजे काकीचं पहिलं. म्हणजे नारळ फुटायचा तिथंच. मी मान समजत होतो त्या गोष्टीच्या बुडाशी पाणी होतं. तिचं खाचर आधी बुडतं हे कुणी बोलून दाखवायचं नाही म्हणून त्यावर मानाचं पांघरूण घातलेलं. ती फाईल मी वेगळ्या नावानं ठेवली आणि कुणाला दाखवली नाही. दाखवली असती तर आधीचं सांगावं लागलं असतं.

प्रबंधात लिहिताना सात घरांचा तक्ता केला. सातव्या ओळीनं सगळी सरासरी बिघडत होती. मार्गदर्शकांनी सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. मीच ती ओळ निवडली आणि एक बटण दाबलं. खाली बारीक अक्षरात टीप टाकली: 'सातवा तुकडा पूरस्थितीमुळे वगळला.' तक्ता फार सुबक दिसायला लागला. परीक्षेला बाहेरगावाहून आलेले प्राध्यापक त्याच पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे खरं उपयोजन. समाजापर्यंत पोहोचलेलं." मी "थँक्यू सर" म्हणालो. आवाजही माझाच होता.

पदवी हातात येण्याआधीच्या पावसाळ्यात पुन्हा लावणी झाली. यादी कुणी मागितली नाही. दादानं फोनवर सांगितलं, "मशिनला सांग, औंदा तुला सुट्टी." नारळ काकीच्या खाचरात फुटला, परसातलं बी तिथं रोप होऊन लागलं, आणि मला रोपांच्या जुड्या वाहायचं काम मिळालं. लहान मुलांना देतात ते काम.

पदवी मिळाल्यावर पेढे आणि तो काळा ग्रंथ घेऊन मी आणि बायको गावी गेलो. ग्रंथ न नेताही चाललं असतं, पण बायकोनं पिशवीत टाकला होता. काकीनं पुस्तकाला आधी कुंकू लावलं. मग माझ्या तोंडात पेढा घातला. मग हात पदराला पुसले आणि म्हणाली, "यात आपली लावणी हाय म्हणं?"

"आहे," बायको अभिमानानं म्हणाली. "दाखवा ना हो."

मी पान काढलं. काय करणार होतो? काकी जवळ सरकली. तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे कुणाचं?"

"आमचं."

"हे?"

"दादाचं."

बोट एकेक ओळ उतरत गेलं. मी एकेक घर सांगत गेलो. सहावं झालं. बोट खाली सरकलं आणि कोऱ्या कागदावर थांबलं.

"सात घरं ना रं आपली?"

बायको माझ्याकडं बघायला लागली.

"आणि हे बारीक काय लिवलंय?"

मी मराठीत सांगितलं. "सातवा तुकडा पुरामुळं वगळला."

"पूर कदी आला?" काकीनं खरंच आठवून बघितलं. "पाणी तर दरसाल येतं."

"काकी, ती ओळ ठेवली असती तर मशीन चुकलं असं दिसलं असतं."

"मशिन कशाला चुकंल?" ती म्हणाली. आवाज चढला नाही. "अंडी तर तू बगितली व्हतीस."

बायकोला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला गाडीत सगळं सांगावं लागलं, कशेळ्यापासून कर्जतपर्यंत.

पण ओटीवर त्या वेळी काकीच पुढं बोलली. पुस्तक मिटून माझ्याकडं सरकवलं. "खाचर पाण्यात गेलं ते गेलं. त्याचं मला काय नाय. सात घरातनं मला भायेर कशाला काडलंस?"

मी खिशातलं पेन काढलं. तक्त्याखाली पट्टीशिवाय एक वाकडी ओळ आखली आणि तिला विचारत विचारत भरली. माणसं दहा. दिवस सातवा. वाचलेले दिवस शून्य. मिळालेलं भात, परसातलं बियाण्यापुरतं. शेवटच्या रकान्यात काय लिहू, असं मी विचारलं. ती म्हणाली, "बेडूक लिव." या वेळी उद्गारचिन्हं काढली नाहीत. टीप खोडली. ती बघत होती, निळी शाई वाळेपर्यंत. मग म्हणाली, "अशी किती पुस्तकं हायेत?"

"चार."

"चारीत लिवशील?"

"लिहीन," मी म्हणालो.

निघताना तिनं नव्या तांदळाची पिशवी दिली. पुरी पायली होती.

घरच्या प्रतीत ती निळी ओळ आहे. पाहुण्यांना दाखवताना बायको हल्ली ते पुस्तक आवाज न करता ठेवते. एक प्रत विद्यापीठात आहे, एक मार्गदर्शकांकडं. चौथी कॉलेजच्या लायब्ररीत, माझ्या वर्गाच्या बरोबर वरच्या मजल्यावर. रोज तिच्याखाली उभा राहून मी मुलांना शिकवतो. पेन खिशात असतं. तिथं अजून सहाच ओळी आहेत.